'बॅड टीचर' की 'फिस्ट फाइट'? मास्तरांची खुन्नस बघायची तर कुठली

शिक्षकांच्या आपसातल्या खुन्नशीवरचा विनोदी सिनेमा शोधायला गेलं की इंग्रजीतली दोन नावं लगेच पुढे येतात: २०११ चा 'बॅड टीचर' आणि २०१७ चा 'फिस्ट फाइट'. दोन्ही दीड तासात आटोपतात, दोन्ही अमेरिकन शाळेत घडतात आणि दोन्हींना समीक्षकांनी काही डोक्यावर घेतलेलं नाही. बाकीचा तपशील तुम्ही बघून घ्यालच. उन्हाळी सुट्टीआधी आमच्या स्टाफने एकत्र सिनेमा बघायचं ठरवलं, निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून मी दोन्ही नीट बघितले आणि पुढे मंडळींबरोबरही बघितले. त्यातून माझं एक मत झालं. ते सगळ्यांना पटेल असं नाही. आमच्या इंग्रजीच्या मॅडमना तर अजिबात पटलेलं नाही.

शाळेत थोडी वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, शिक्षकांची भांडणं मोठमोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत. शेवटचा तास कुणाच्या वाट्याला आला, बदली तास सारखा मलाच का, गॅदरिंगच्या नाचासाठी माझ्या वर्गातली मुलं मला न विचारता कुणी नेली आणि काल शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये कोण बसलं होतं, यावरून ती होतात. हे दोन्ही सिनेमे मी याच नजरेने बघितले. नटनट्या कोण आहेत यापेक्षा, ही माणसं खरंच एका स्टाफरूममध्ये बसणारी वाटतात का, एवढाच माझा प्रश्न होता.

'बॅड टीचर'मधल्या एलिझाबेथ हॅल्सीला (कॅमेरॉन डियाझ) शिकवण्यात काडीचा रस नाही. पैसेवाला नवरा गाठून नोकरीला रामराम ठोकायचा तिचा बेत असतो. लग्न मोडतं आणि ती मुकाट्याने शाळेत परत येते. वर्गात सिनेमा लावून देते आणि स्वतः डुलक्या काढते. समोरच्या वर्गातली एमी स्क्विरल (ल्युसी पंच) तिच्या अगदी उलट आहे. कायम उत्साही, कायम हसतमुख, प्रत्येक उपक्रमात पुढे. दोघींची चुरस आधी लागते ती नव्याने आलेल्या बदली शिक्षकावरून (जस्टिन टिंबरलेक, आणि घरचा गडगंज), मग ५,७०० डॉलरच्या बोनसवरून. राज्याच्या परीक्षेत ज्याच्या वर्गाला सर्वांत जास्त गुण, त्या शिक्षकाला हा बोनस. एलिझाबेथला तो स्वतःच्या प्लास्टिक सर्जरीसाठी हवा असतो.

'फिस्ट फाइट' एका दिवसात घडतो. रूझवेल्ट हायस्कूल, वर्षाचा शेवटचा दिवस, वरच्या वर्गातली पोरं शाळाभर धुडगूस घालतायत. त्याच दिवशी शिक्षककपात चालू आहे, जो तो आपली नोकरी वाचवण्याच्या मागे. इतिहासाचे स्ट्रिकलंड सर (आइस क्यूब) पोराच्या एका खोडीने भडकतात आणि कुऱ्हाड घेऊन त्याचा बाक फोडतात. इंग्रजीचे कॅम्बेल सर (चार्ली डे) ते बघतात. मुख्याध्यापक दोघांना बोलावून सांगतात, खरं काय ते बोला, नाहीतर दोघंही घरी. कॅम्बेल नाव घेतात. स्ट्रिकलंड यांची नोकरी जाते आणि ते जाहीर करतात: शाळा सुटल्यावर बाहेर भेट, दोन हात करू.

आता एकेक करून.

'बॅड टीचर'चा पहिला अर्धा भाग मला तरी फार आवडला, आणि त्याचं सगळं श्रेय ल्युसी पंचला. एमी स्क्विरल आपल्याला माहीत आहे. प्रत्येक शाळेत एक असते. तिचे फलक वेळेवर, तिची हजेरी चोख, तिच्या वर्गात दिवाळीचे आकाशकंदील इतरांच्या आठवडाभर आधी. आपण तिच्यावर वैतागतो ते ती वाईट आहे म्हणून नाही, तर तिच्यामुळे आपण आळशी दिसतो म्हणून. ल्युसी पंच हे सगळं नुसत्या हसण्यातून दाखवते. समोरच्याला टोमणा मारतानाही ते हसू हलत नाही, डोळे मात्र बारीक होतात. आमच्याकडे सिनेमा चालू असताना मागच्या रांगेतून कुणीतरी आमच्याच एका मॅडमचं नाव पुटपुटलं आणि खोलीत जो हशा पिकला तो पडद्यावरच्या कुठल्याही विनोदाला मिळाला नाही. त्या मॅडमही हसल्या, ही आमच्या नशिबाची गोष्ट.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तो बोनस. वरवर बघता कथा पुढे ढकलायची एक युक्ती, पण त्यामागे अमेरिकेतलं खरं दुखणं आहे. २००२ साली तिथे 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा लागू झाला आणि शाळांचं बरंवाईट वार्षिक परीक्षेच्या आकड्यांवर ठरू लागलं. आकडे सुधारले नाहीत तर शाळेवर कारवाई. मग जे व्हायचं तेच झालं. 'बॅड टीचर' अमेरिकेत लागला जून २०११ मध्ये. पुढच्याच महिन्यात जॉर्जिया राज्याचा चौकशी अहवाल बाहेर आला. अटलांटा शहरातल्या ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावं त्यात होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली, असा ठपका होता. २०१५ मध्ये त्यातले ११ जण न्यायालयात दोषी ठरले. सिनेमात एलिझाबेथ परीक्षा मंडळाच्या माणसाला गुंगीचं औषध पाजून प्रश्नपत्रिका पळवते, तेव्हा आपण 'काहीतरीच हं' म्हणतो. वास्तवात लोक खोडरबर घेऊन बसले होते. (आणि 'फिस्ट फाइट'चं चित्रीकरण झालं तेही अटलांटातच. योगायोग, दुसरं काय.)

बोनसचं कळल्यावर एलिझाबेथ एकदम शिकवायला लागते, तो भाग मला सिनेमातला सर्वांत चांगला वाटतो. इतके दिवस झोपलेली बाई अचानक कादंबरीवर प्रश्न विचारते आणि चुकीचं उत्तर दिलं की पोरांना चेंडू फेकून मारते. पोरं घाबरतात, पण वाचून येतात. कुठलाही उदात्त हेतू नसताना, निव्वळ पैशासाठी शिकवलं तरी पोरं शिकतात की काय, असा एक खट्याळ प्रश्न सिनेमा इथे टाकतो. तो तसाच पुढे नेला असता तर मी हा लेख लिहिला नसता, सरळ 'बॅड टीचर बघा' म्हणून मोकळा झालो असतो.

पण तसं झालं नाही, आणि माझं जे बिनसलं ते इथेच. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण माझी निवड याच एका गोष्टीवर ठरली. शेवट उघड करतोय. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडावेत.

एमी स्क्विरल सिनेमाभर तीनदा संशय घेते. आधी, गाड्या धुऊन मुलांनी जमवलेल्या पैशांतले काही एलिझाबेथने खिशात घातले, असा. एमी बरोबर असते. ती मुख्याध्यापकांकडे जाते, ते पुरावा नाही म्हणून वाटेला लावतात. मग, सफरचंदाला विषारी वेलीचा पाला चोळून आपल्या अंगावर फोड आणले ते एलिझाबेथनेच, असा. इथेही बरोबर. आणि शेवटी, बोनस मिळाला तो परीक्षा फोडून, असा. तिथेही एमीच बरोबर! ती पुरावा मिळवते, मंडळाच्या माणसाला साक्षीला उभा करते. आणि सिनेमा काय करतो? एलिझाबेथकडे त्या माणसाचे नको त्या अवस्थेतले फोटो असतात, ते दाखवून ती त्याला गप्प करते. एमीने पुरावा काढण्यासाठी दोघींची टेबलं आपसात बदललेली असतात, त्यामुळे एलिझाबेथची दारू आणि गांजा निघतो तो एमीच्या वर्गात. एमीची बदली जिल्ह्यातल्या सर्वांत वाईट समजल्या जाणाऱ्या शाळेत. एलिझाबेथ तिथेच राहते, पुढे समुपदेशक होते, वर शारीरिक शिक्षणाचे चांगले सरही (जेसन सेगल) पदरात पडतात.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बरं, काळा विनोद म्हणून मी हे मान्य केलं असतं. वाईट माणूस जिंकतो आणि आपण कडवटपणे हसतो, असे सिनेमे असतात आणि मला ते आवडतात. पण हा सिनेमा कडवट होत नाही. तो आपल्याला एलिझाबेथसाठी टाळ्या वाजवायला सांगतो. मधल्या एका प्रसंगात ती एका लाजऱ्या पोराची वर्गातली लाज राखते, मनाने चांगली आहे असं आपल्या गळी उतरवते आणि त्या एका प्रसंगाच्या भांडवलावर सगळे हिशेब मिटवून टाकते. एमी मात्र अति करते, चिडचिड करते, ओरडते, म्हणून तिला हाकला. माझी अडचण एमी हरण्याची नाही. तिची तक्रार कुणीच वाचली नाही, ही आहे.

आमच्याकडे शेवटच्या वीस मिनिटांत खोली गप्प झाली. शिष्यवृत्तीचा वर्ग कित्येक वर्षं सांभाळणाऱ्या आमच्या एक बाई आहेत. सिनेमा संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, पण त्या पोरीने चुकीचं काय केलं?" मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, अहो सिनेमा आहे तो, इतकं काय मनावर घेताय. त्यांचंही बरोबर असेल. पण सकाळी सातच्या शाळेला सहा चाळीसला हजर राहणाऱ्या माणसांनी खोली भरलेली असेल तर हा शेवट जड जातो. तुम्ही शिक्षक नसाल, किंवा असूनही असल्या गोष्टींचा त्रास होत नसेल, तर माझ्या तक्रारीकडे खुशाल दुर्लक्ष करा.

आता 'फिस्ट फाइट'. याचे दोष आधी सांगून टाकतो, कारण ते भरपूर आहेत.

गोंगाट फार. पोरांच्या खोड्या पहिल्यांदा हसवतात, नंतर त्याच त्या वाटतात. शाळेत घोडा उधळतो, मुख्याध्यापकांच्या मागे मेक्सिकन वाजंत्री लागते, भिंती रंगतात, आणि दोन शिक्षक जरा कुठे बोलायला लागले की कुठूनतरी काहीतरी कोसळतं. चार्ली डेचा आवाज मुळात उंच. त्यात तो घाबरला की आणखी चढतो आणि इथे तो दीड तास घाबरलेलाच आहे. मी घरी रात्री बघत होतो तेव्हा रिमोट हातातून खाली ठेवता आला नाही. ट्रेसी मॉर्गनने रंगवलेले खेळाचे सर गमतीदार आहेत. क्रिस्टिना हेंड्रिक्ससारखी नटी मात्र दोन-तीन प्रसंगांत वाया घालवली आहे. समुपदेशक बाईंच्या तोंडी विद्यार्थ्यांबद्दल जे विनोद घातलेत ते मला मुळीच हसवू शकले नाहीत. आज तर ते आणखीच खटकतात. आणि शिव्या! त्याबद्दल पुढे सांगतो.

इतकं असूनही मी याच बाजूला झुकतो.

कारण मुख्याध्यापकांच्या केबिनमधला तो एक प्रसंग. दोघंही समोर. मुख्याध्यापक (डीन नॉरिस) दिवसभराच्या वैतागाने पार पिचलेले. त्यांना सत्याशी घेणंदेणं नाही. त्यांना एक नाव हवं आहे, म्हणजे विषय मिटेल. स्ट्रिकलंड काही बोलत नाहीत, आणि त्यांचं न बोलणंच कॅम्बेल यांच्यावर दडपण आणतं. कॅम्बेल यांची बायको दिवस भरलेली, नोकरी जाईल की राहील ते ठाऊक नाही, आणि प्रश्न असा की खरं बोललं तर चुगली ठरते आणि गप्प बसलं तर घर बसतं. मग ते नाव घेतात. त्या एका नावाने पुढचा सगळा सिनेमा घडतो.

पडद्यावर हे चाललेलं असताना आमच्याकडे कुणी हसलं नाही, पण ती शांतता 'बॅड टीचर'वेळच्या शांततेसारखी नव्हती. त्या खोलीतल्या प्रत्येकाने कधीतरी ती खुर्ची बघितलेली होती. 'कोण बोललं ते सांगा, तुमचं नाव येणार नाही' हे वाक्य ऐकलेलं होतं. स्टाफरूमच्या खुन्नशीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. कोण हुशार, कोणाचा निकाल चांगला यावरून माणसं वर्षानुवर्षं अबोला धरत नाहीत. केबिनमध्ये कोण काय बोललं यावरून धरतात. 'फिस्ट फाइट' कितीही उथळ असला तरी त्याने नेमक्या या ठिकाणी बोट ठेवलं आहे.

दुसरं कारण म्हणजे कपातीची भीती. अमेरिकन जिल्ह्यांमध्ये पैसे कमी पडले की शिक्षकांना नारळ देण्याची पद्धत आहे, आणि वर्ष संपता संपता ते टांगती तलवार घेऊन फिरतात. आपल्याकडे नाव वेगळं. संचमान्यता (म्हणजे विद्यार्थ्यांच्या पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) झाली, पट घसरला, दोन पदं अतिरिक्त ठरली, आता समायोजनाला कुठल्या गावी पाठवतात कोण जाणे. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको की अशा आठवड्यात स्टाफरूममध्ये काय हवा असते. कालपर्यंत डबा वाटून खाणारी माणसं एकमेकांची सेवाज्येष्ठता मोजायला लागतात. 'फिस्ट फाइट'मध्ये हे सगळं पार्श्वभूमीला आहे, खोड्यांच्या गदारोळात बुडालेलं. पण आहे. त्यामुळे कॅम्बेल यांचा भित्रेपणा नुसता हसण्यावारी जात नाही. 'बॅड टीचर'मध्ये नोकरी जाण्याची खरी भीती कुणालाच नाही. तिथे सगळे जण काहीतरी मिळवायला भांडतात. इथे भांडण आहे ते हातातलं जाऊ नये म्हणून.

तिसरं कारण स्वतः स्ट्रिकलंड. कडक मास्तर हे पात्र सिनेमात बहुधा दुष्ट तरी असतं नाहीतर शेवटी विरघळणारं तरी. आइस क्यूब यांपैकी काहीच करत नाही. त्याच्या कपाळावरची आठी पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत तशीच आहे आणि तीच विनोदी होत जाते. बाक फोडण्याआधीचा प्रसंग बघा. मास्तर जुन्या व्हीसीआरवर यादवी युद्धाचा माहितीपट लावायला बघतायत. चित्र येतं, जातं. पुन्हा येतं, पुन्हा जातं. कॅम्बेल मदतीला येतात, दोघं वायरी तपासतात. वर्ग गंभीर चेहऱ्याने बघत बसलेला. एक पोरगा मोबाइलवरून टीव्ही बंद-चालू करत असतो. स्मार्टबोर्डवर धडा दाखवताना ज्याचं नेट ऐन वेळी गेलंय आणि मागच्या बाकावरून दबकं हसू ऐकू आलंय, त्याला ती कुऱ्हाड समजते. बरोबर आहे असं मी म्हणत नाही. समजते, एवढंच.

स्ट्रिकलंडबद्दल पोरांमध्ये चालणाऱ्या अफवांची जी मालिका सिनेमात येते तीही झकास. प्रत्येक पोराकडे एक नवी कहाणी, एकाहून एक भयंकर. आमच्या शाळेतले निवृत्त झालेले गणिताचे सर लष्करातून आले होते आणि त्यांच्या पायात अजून गोळी आहे, असं आमची पोरं ठामपणे सांगत. सरांना संधिवात होता.

आणि मुख्य म्हणजे हा सिनेमा आपल्या कडक मास्तरांना वाऱ्यावर सोडत नाही. मारामारी होते, यथासांग होते, आणि तिचा बोभाटा झाल्यामुळे शाळेची दुरवस्था लोकांपुढे येते. पटण्यासारखं आहे का? फारसं नाही. पण केल्याचं ज्याने त्याने निस्तरावं, हा स्ट्रिकलंड यांचा हेका सिनेमा शेवटपर्यंत पाळतो. कॅम्बेल पळवाटा शोधतात: पोलिसांना फोन करतात तर पलीकडचे हसतात, पोराला लॅपटॉप देऊन साक्ष फिरवायला बघतात, मास्तरांच्या सामानात अमली पदार्थ ठेवायला जातात. यातली एकही पळवाट त्यांना वाचवत नाही. शेवटी त्यांना त्या मैदानात उभं राहावंच लागतं. एलिझाबेथ नेमक्या अशाच पळवाटांनी जिंकते, आणि माझ्या मते दोन सिनेमांतला फरक तोच. (चार्ली डेचे आईवडील दोघंही संगीत शिकवणारे. त्याच्या घाबरण्यात मास्तराच्या घरातलं काहीतरी आहे असं मला उगाच वाटत राहतं.)

पैशांचा हिशेब काढला तर लोकांनी माझ्याविरुद्ध कौल दिला आहे. 'बॅड टीचर'ने जगभरात सुमारे २१.६ कोटी डॉलर कमावले, 'फिस्ट फाइट'ने ४.१ कोटींच्या आसपास. म्हणजे पाच माणसांनी तो बघितला तेव्हा एकाने हा. डियाझचं नाव मोठं होतं, पोस्टर आकर्षक होतं, आणि खरं सांगायचं तर निव्वळ हशांच्या संख्येवर मोजलं तर आमच्या खोलीतही 'बॅड टीचर'च पुढे होता. संवाद जास्त चटपटीत आहेत, वेग चांगला आहे, एमी तर आहेच. ज्यांना फक्त हसायचंय आणि शेवटाचा विचार करायचा नाही त्यांनी तोच लावावा. वाईट संध्याकाळ जाणार नाही.

कुणाबरोबर बघणार, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा. दोन्ही सिनेमे मोठ्यांचे आहेत. 'बॅड टीचर'मध्ये गाड्या धुण्याचा जो प्रसंग आहे त्यावेळी आमच्या पर्यवेक्षकांनी चहा आलाय का बघायला जातो म्हणून बाहेरची वाट धरली. 'फिस्ट फाइट' तर शिव्यांच्या बाबतीत हातचं राखूनच ठेवत नाही. कॅम्बेल यांची लहान मुलगी शाळेच्या कार्यक्रमात, तिला छळणाऱ्या मुलीला उद्देशून, शिव्यांनी भरलेलं एक रॅप गाणं बापाबरोबर म्हणते. मला तो प्रसंग भन्नाट वाटला. पण आई शेजारच्या सोफ्यावर बसली असती तर वाटला नसता. इंग्रजी उपशीर्षकं चालू असतील तर त्या शिव्या अक्षरांत खालीही येतात, हे लक्षात असू द्या.

घरात मुलं असतील तर या दोघांचाही नाद सोडा आणि २००९ चा ब्रिटिश 'नेटिव्हिटी!' शोधा. तो आपल्याकडे फार कुणी बघितलेला नाही. कॉव्हेंट्री शहरातल्या दोन प्राथमिक शाळा, एक साधी, एक भरपूर फी घेणारी. नाताळच्या नाटकावरून दोन शिक्षकांत दरवर्षी चुरस. मार्टिन फ्रीमन हा साध्या शाळेतला कंटाळलेला मास्तर, जेसन वॉटकिन्स हा त्याचा जुना नाट्यशाळेतला मित्र आणि आताचा प्रतिस्पर्धी. मास्तर शेखी मिरवायला एक थाप मारतो की आमचं नाटक बघायला हॉलिवूड येणार आहे, आणि ती गावभर होते. त्याच्या मदतीला मुख्याध्यापिकेचा भाचा असतो (मार्क वूटन), जो वागण्यात वर्गातल्या मुलांपेक्षाही लहान आहे. संवाद बरेचसे जागेवर सुचलेले, मुलं बहुतेक स्थानिक आणि खरीखुरी अवघडलेली. शेवटचं नाटक होतं ते १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या जुन्या कॅथेड्रलच्या भग्न भिंतींमध्ये. ज्याने गॅदरिंग बसवलंय, ऐन दिवशी राजाच्या मिशा हरवलेल्या बघितल्यात आणि शेजारच्या शाळेच्या गॅदरिंगला गुपचूप जाऊन 'एवढं काही विशेष नव्हतं' असं सांगितलंय, त्याला हा सिनेमा घरचा वाटेल. शेवटाकडे थोडा गोडमिट्ट होतो, पण माझ्या मुलीने तो लागोपाठ बघितला. याचे पुढचे भागही आहेत, पण पहिल्यावरच थांबलात तरी चालेल.

तेव्हा मोठ्यांची मंडळी, त्यातले बरेच शिक्षक, आणि आवाजाचा त्रास नसेल तर 'फिस्ट फाइट'. मित्रमंडळी, शाळेशी संबंध फक्त लहानपणापुरता, आणि हसण्याशी मतलब असेल तर 'बॅड टीचर', शेवटाबद्दल मी इतकं बोललो असलो तरी. दोन्ही बघायचे असतील तर 'बॅड टीचर' आधी घ्या आणि दोन्हींमध्ये एखादा दिवस जाऊ द्या. आम्ही एका संध्याकाळी लागोपाठ लावले, तर दुसऱ्याच्या मध्यावर निम्म्या मंडळींना मुख्याध्यापक नेमके कुठल्या सिनेमातले हे आठवेना, आणि उरलेल्यांचं लक्ष पावभाजीकडे होतं.